वाढ म्हणजे काय?

शास्त्रीय विषयांवर मराठींत कोणी लिहीत नाहीं, ही तक्रार आतां फार जुनी झाली आणि ती खरीही उरलेली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं कोल्हापुरास राहून रसायनादि विषयांवर ग्रंथ लिहिले. १९२८ सालीं पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालें. १९७६ सालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड बाहेर पडला. आणि शाळेचीं पाठ्यपुस्तकें तर दरवर्षीं लाखों मुलांच्या हातीं पडत असतात. तेव्हां संख्येच्या बाजूनें आमच्या शास्त्रीय वाङ्मयास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. आमचें म्हणणें त्याच्या गुणाविषयीं आहे. हें वाङ्मय नामांनीं समृद्ध आहे; क्रियापदांनीं दरिद्री आहे. कोणत्या वस्तूस काय म्हणावें याविषयीं त्यांत पुष्कळ काळजी घेतलेली दिसते. पण ती वस्तु काय करिते, केव्हां करिते आणि केव्हां करावयाची थांबते, हें सांगण्याची वेळ आली कीं लेखणी अडखळते, किंवा एखाद्या ठराविक वाक्यावर भागवून पुढें जाते.

ही उणीव दाखविण्यासाठीं आम्ही एकच विषय घेतों. सजीवांच्या पेशी कशा वाढतात व कशा विभागतात, हा तो विषय. आणि उदाहरण घेतों तें गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याच्या रानांतलें. असें दूरचें उदाहरण कां, याचा उलगडा पुढें होईल.

प्रथम नांवाचीच गोष्ट घेऊं. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यास मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्यानें लहान खोली या अर्थाचा इंग्रजी शब्द लाविला. ते कप्पे मेलेले होते. आंत कांहीं जिवंत उरलेलें नव्हतें. हुकनें पाहिल्या त्या केवळ भिंती. म्हणजे या शास्त्राचें मूळ नांवच रिकाम्या घरावरून पडलेलें आहे. आमच्याकडे विश्वकोशानें त्यासाठीं ‘कोशिका’ हा शब्द पसंत केला. कोश म्हणजे आवरण, वेष्टन. तेव्हां हा शब्द हुकच्या कल्पनेस जवळचा आहे. शाळेच्या पुस्तकांनीं मात्र ‘पेशी’ हा शब्द घेतला, आणि तोच लोकांत रुजला. वस्तुतः सुश्रुतसंहितेंत पेशी म्हणजे मांसाचा पिंड. तिच्या शारीरस्थानांत शरीरांतील पेशींची संख्या ५०० आणि स्नायूंची ९०० सांगितली आहे, आणि तेथें स्नायु म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोरीसारखे बंध. मराठींत पुढें उलटापालट झाली. ज्यास सुश्रुत पेशी म्हणतो त्यास आम्ही स्नायू म्हणूं लागलों, आणि पेशी हा शब्द सूक्ष्म घटकाच्या वांट्यास गेला. हिंदींत अजूनही मांसाची ती पेशी आणि सूक्ष्म घटक ती कोशिका, अशी व्यवस्था आहे.

यावरून ‘पेशी’ शब्द टाकून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. रुजलेला शब्द उपटणें सोपें नसतें, आणि उपटून लाभही नाहीं. शिवाय रिकाम्या खोलीपेक्षां पिंडाचा बोध करणारा शब्द जिवंत वस्तूस अधिक शोभतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पेशी कीं कोशिका, ऊती कीं ऊतक, सूत्री विभाजन कीं समविभाजन, या निवडींत जितकी विद्वत्ता खर्ची पडली, तितकी त्या नांवांखालीं घडणाऱ्या गोष्टीचें वर्णन करण्यांत पडली नाहीं.

आतां ती गोष्ट पाहूं. १८३८ व १८३९ या सालीं श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनीं वनस्पती आणि प्राणी पेशींचे बनलेले आहेत, हा सिद्धान्त मांडला. पण नवी पेशी येते कोठून, याविषयींची त्यांची कल्पना चुकीची होती. द्रवांत स्फटिक जमावा तशी ती नव्यानें जमते, असें त्यांस वाटे. रेमाक याच्या निरीक्षणांनीं आणि १८५५ च्या सुमारास फिरखो याच्या आग्रही प्रतिपादनानें पेशी पेशींतूनच जन्मते हें मत रूढ झालें. १८८२ मध्यें वाल्थर फ्लेमिंग यानें रंग दिलेल्या पेशींत केंद्रकांतील धागे कसे दुभंगतात याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. ‘सूत्री विभाजन’ या आमच्या नांवांतील सूत्र तें हेंच.

आमच्या पुस्तकांतील पाठ बहुधा येथूनच रंगांत येतो. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशीं चार नांवें येतात, चार आकृत्या येतात. विद्यार्थी तीं आगगाडीच्या स्थानकांप्रमाणें ओळीनें पाठ करितो आणि परीक्षेंत उतरून काढितो. यांत खोटें कांहीं नाहीं. गुणसूत्रें आखूड व जाड होतात, पेशीच्या मध्यावर रांगेनें उभीं राहतात, प्रत्येकाचे दोन भाग विरुद्ध टोकांकडे ओढले जातात आणि दोन केंद्रकें तयार होतात. मग प्राण्याच्या पेशीस मध्यें खांच पडून ती दुभंगते. वनस्पतीच्या पेशींत मध्यावर नवी भिंत उभी राहते आणि ती आंतून कडेकडे बांधली जाते. पण हा सर्व देखावा किती वेळाचा? प्रयोगशाळेंत वाढविलेली माणसाची पेशी साधारणपणें २४ तासांत एकदां दुणावते. त्यांतील हा भाग सुमारें एका तासाचा असतो. उरलेले २३ तास ती अन्न घेत असते, प्रथिनें घडवीत असते, आकारानें वाढत असते, आपल्या डीएनएची दुसरी प्रत उतरीत असते. आणि ती प्रत बरोबर उतरली कीं नाहीं, पुढें जावें कीं थांबावें, याचाही निवाडा करीत असते. हें चक्र पुढें नेणारे व रोखणारे मुख्य घटक शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट व नर्स या तिघांना २००१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या पाठांत त्या एका तासास पानें मिळतात आणि तेवीस तासांस ओळी. लग्नाचें वर्णन करावयास बसावें आणि अक्षता पडण्याच्या घटकेखेरीज कांहींच सांगूं नये, तसा हा प्रकार आहे.

याचा परिणाम असा होतो कीं, वाढ म्हणजे विभागणी हें समीकरण मुलाच्या मनांत घट्ट बसतें. परंतु एका भाकरीचे दोन तुकडे केल्यानें भाकरी वाढत नसते. बेडकाच्या फलित अंड्यांत पहिल्या विभागण्या भराभर होतात, तेव्हां गर्भ मुळींच मोठा होत नाहीं. पेशी मात्र अधिकाधिक लहान होत जातात. आमच्या मतें वाढीचीं क्रियापदें तीन आहेत: विभागणें, फुगणें आणि थांबणें. या तिहींची जागा व वेळ सांगितल्यावांचून कोणत्याही सजीवाच्या वाढीचें वर्णन पुरें होत नाहीं. आमच्या गद्यांत पहिलें क्रियापद ठळक असतें, दुसरें अंधुक असतें आणि तिसरें बहुधा नसतेंच.

हीं तिन्ही क्रियापदें एकाच वस्तूंत उघड्या डोळ्यांनीं पाहावयाचीं असतील तर बांबूच्या कोंबाइतकें उत्तम उदाहरण आम्हांस माहीत नाहीं, आणि म्हणूनच आम्ही धानोऱ्याकडे वळतों. गडचिरोलीहून पूर्वेस छत्तीसगडच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें तालुक्याचें गांव आहे. भोंवतालीं साग, ऐन, मोह, तेंदू यांचें रान. आणि त्या रानांत बांबूचीं बेटें. येथील मुख्य जात मानवेल, म्हणजे जवळजवळ भरीव असा बांबू. ओढ्यानाल्यांच्या कांठीं कांटेरी कटांगही असतो.

पावसाळा लागला कीं बेटाच्या बुडाशीं कोंब वर येतात. या भागांत त्यांस वास्ते म्हणतात व त्यांची भाजी करितात. कोंब जमिनीबाहेर डोकें काढतो तेव्हांच काठीची जाडी ठरून गेलेली असते. त्याच्या आंत पेरें मिटलेल्या दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें एकावर एक दाटीनें बसलेलीं असतात. मग प्रत्येक पेराच्या बुडाशीं, गांठीच्या लगत वरच्या अंगास, विभागणाऱ्या पेशींचा एक पट्टा कामास लागतो. शाळेचीं पुस्तकें यालाच आंतरीय विभाजी ऊती म्हणतात. कोंबावरील तांबूस तपकिरी टरफलें या नाजूक पट्ट्यांस आधार देतात व जपतात. हें झालें विभागणें.

पण या पट्ट्यांनीं केवळ पेशींची संख्या वाढविली असती तर कोंब फारसा उंच झाला नसता. पट्ट्यांतून बाहेर पडलेली प्रत्येक पेशी पाणी शोषते. तिच्या आंतील रिक्तिका भरते. त्या दाबानें अजून नरम असलेली भिंत ताणली जाते, आणि ताणली जातां जातां तींत नवा सेल्युलोज विणला जातो. पेशी मूळच्या कितीतरी पट लांब होते. हें फुगणें. कोंब भर पावसाळ्यांतच कां वर येतात याचें उत्तरही यांतच आहे, कारण या फुगण्याचें भांडवल पाणी आहे. खालचीं पेरें आधीं पुरीं होतात, मग त्यांवरचीं, अशी वाढीची लाट बुडापासून शेंड्याकडे चढत जाते. झाडाची उंची मुख्यतः शेंड्याकडून वाढते. बांबू एकाच वेळीं अनेक पेरांतून वाढतो, म्हणून त्याचा वेग विलक्षण. परदेशांतील कांहीं मोठ्या जातींचा कोंब एका दिवसांत ९० सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. आमचा मानवेल इतका चपळ नाहीं. तथापि एका पावसाळ्याच्या अवधींत त्याचीही काठी पुऱ्या उंचीची होते.

मग तिसरें क्रियापद. काठी थांबते, आणि कायमची थांबते. पुढें ती कित्येक वर्षें उभी राहिली तरी वीतभर उंच होत नाहीं कीं बोटभर जाड होत नाहीं. सागाच्या सालीखालीं विभागणाऱ्या पेशींचा एक थर असतो. शाळेचीं पुस्तकें त्यास पार्श्व विभाजी ऊती म्हणतात, विश्वकोश ऊतककर म्हणतो. त्या थरामुळें सागाच्या खोडांत दरवर्षीं लांकडाचें नवें वलय चढतें. बांबूंत हा थरच नाहीं; म्हणून वलय नाहीं आणि जाडी वाढणेंही नाहीं. तथापि वाढ थांबली म्हणजे काम थांबलें असें नव्हे. पेशींच्या भिंतींवर आंतून थर चढूं लागतात, त्यांत लिग्निन सांचतें, आणि साधारण तीन वर्षांत काठी टणक होते.

येथें मराठी वाचकाच्या लक्षांत एक गोष्ट आल्याशिवाय राहणार नाहीं. या अवस्थांसाठीं आपल्या भाषेंत दोन सुंदर शब्द आहेत: कोवळा आणि जून. मंडईंत भेंडी निवडणाऱ्या गृहिणीपासून रानांत काठी निवडणाऱ्या बुरुडापर्यंत सर्वांस ते ठाऊक आहेत. जिच्या भिंती अजून ताणल्या जाऊं शकतात ती पेशी कोवळी; जिच्या भिंती कठीण होऊन बसल्या ती जून. नखानें भेंडीचें टोंक मोडून पाहणारी स्त्री पेशीभित्तिकेचीच परीक्षा करीत असते. शास्त्रास याहून काटेकोर व्याख्या पाहिजे असेल तर ती याच शब्दांच्या पायावर बांधतां येईल. असें असतां आमच्या पाठांत विभाजी ऊती व स्थायी ऊती हीं जड नामें येतात. कोवळें आणि जून हे शब्द त्यांच्या शेजारीं क्वचितच बसविले जातात. मग बारा वर्षांच्या मुलास हा पाठ आपल्या घरांतला वाटावा कसा?

कोणी म्हणेल, हा भाषेचा नाजूकपणा झाला. यानें कोणाचें काय बिघडलें? बिघडतें तें पाहावयाचें तर पुन्हा धानोऱ्याकडेच पाहावें लागतें. बांबू हें गवताच्या कुळांतलें आहे, झाड नव्हे, ही गोष्ट वनस्पतिशास्त्रांत सर्वमान्य आहे. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येंत ताड, वेत यांच्या जोडीनें बांबूही घातला. कायद्यास आपल्या सोयीनें व्याख्या करण्याचा अधिकार असतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एकदां केलेल्या व्याख्येचे परिणाम सोयीपुरते राहत नाहींत. झाड म्हटल्यावर बांबू लांकडाच्या पंक्तीस जाऊन बसला, आणि त्याच्या तोडीस व वाहतुकीस परवान्यांचीं बंधनें आलीं. गवतास जें तर्कशास्त्र लागू तें एक आणि सागास जें लागू तें दुसरें. सागाचें झाड राखावें तितकें जाड होतें आणि तोडल्यावर त्याच्या जागीं तसेंच झाड उभें राहण्यास पिढी जावी लागते. बांबूची काठी राखून जाड होत नाहीं, आणि जून काठी नीट काढली तर जमिनीखालचें आडवें खोड पुढच्या पावसाळ्यांत नवे कोंब देतें.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूची गणना स्पष्ट शब्दांत गौण वनोपजांत केली. तरीही प्रश्न तत्काळ सुटला नाहीं. धानोऱ्याच्या जवळच मेंढा (लेखा) हें गोंड वस्तीचें लहानसें गांव आहे. २००९ मध्यें या गांवास सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं येण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक गांवाच्या स्वाधीन करण्यांत आलें. १९२७ च्या व्याख्येंतून बांबूचें नांव वगळलें गेलें तें तर २०१७ मध्यें, आणि तेंही वनाबाहेरील बांबूची लागवड व विक्री मोकळी व्हावी या हेतूनें. नव्वद वर्षें एक गवत कायद्यानें झाड होतें. ही केवळ वनस्पतिशास्त्राच्या अज्ञानाची गोष्ट होती असें आम्ही म्हणत नाहीं. सत्ता व महसूल हींही कारणें होतीं. पण ज्या समाजांत झाड व गवत यांच्या वाढींतील भेद सुशिक्षितांच्याही बोलण्यांत नसतो, तेथें अशा व्याख्येकडे बोट दाखवील कोण?

मेंढा गांवाचा वृत्तान्त मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळें मराठी वाचकांस परिचित आहे. सर्वसंमतीनें निर्णय घेणारी ग्रामसभा आणि निर्णयापूर्वीं विषय समजून घेणारे अभ्यासगट, ही तेथील रीत प्रसिद्धच आहे. अशा गांवांत पेशीविभाजनाचा पाठ केवळ परीक्षेपुरता राहत नाहीं. बेटांतील कोणती काठी काढावी आणि कोणती ठेवावी, हा प्रश्न शेवटीं पेशींचा प्रश्न आहे. यंदाचा कोंब वाढत असतां त्यास स्वतःचीं पानें नसतात. त्याच्या पेशींस लागणारें अन्न जमिनीखालच्या खोडांतून आणि शेजारच्या आधींच्या काठ्यांकडून येतें. म्हणून सर्वच जुन्या काठ्या एकदम काढल्या तर पुढचा कोंब उपाशीं राहतो. आणि यंदाची कोवळी काठी तोडली तर भिंती जून न झालेली, कीड लागणारी, कुचकामाची वस्तु पदरांत पडते. जून तेवढें काढावें, कोवळें राखावें, आणि पोसण्यापुरतें जूनही ठेवावें, हा नियम त्यावरून निघतो. तो नियम अनुभवी माणसास पुस्तकावांचूनही ठाऊक असतो. पुस्तकानें त्यास त्याचें कारण सांगावयाचें असतें. आमचें पुस्तक तें सांगत नाहीं. तें कांद्याच्या मुळाचें टोंक दाखवून मोकळें होतें.

येथें एक विलक्षण योग आहे. या जिल्ह्यांतील बांबू पुष्कळ वर्षें बल्लारपूरच्या कागदगिरणीकडे जात असे. बांबूचा कागद म्हणजे तरी काय? बांबूच्या लांबट तंतुपेशींच्या भिंती वेगळ्या करून पुन्हा एकत्र दाबलेला पापुद्रा. ज्या पानावर पेशीचा पाठ छापावयाचा, तें पानच अशा पेशींचें असूं शकतें. आणि त्या पाठांत त्या बांबूचें नांव नसतें.

तिसऱ्या क्रियापदाचें महत्त्व वनस्पतींपुरतें नाहीं. माणसाची तांबडी रक्तपेशी पक्व होतांना आपलें केंद्रकच टाकून देते. ती पुन्हा विभागत नाहीं. सुमारें १२० दिवस प्राणवायु वाहून ती नाहींशी होते. अस्थिमज्जेंतील मूळ पेशी अखंड विभागत राहतात म्हणूनच रक्ताचा पुरवठा टिकतो. पूर्व विदर्भांतील आदिवासी व इतर कांहीं समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यांत ही पेशी विळ्यासारखी वांकते आणि १० ते २० दिवसांतच नष्ट होते. मज्जेनें कितीही घाई केली तरी तूट भरून येत नाहीं, आणि शरीर पांढुरकें पडतें. पेशी विभागतात, एवढेंच सरसकट शिकलेल्या मुलास हा हिशोब कळणार नाहीं. विभागणारी पेशी कोणती, थांबलेली कोणती, आणि थांबलेली किती दिवस टिकते, हें शिकलेल्यास तो पांच मिनिटांत कळेल. ज्या घरांत हा विकार आहे त्या घरीं ही पांच मिनिटें थोडीं नव्हेत.

आणि न थांबणाऱ्या पेशींचें नांव सर्वांस ठाऊक आहे. कर्करोग म्हणजे पेशींची नुसती जलद वाढ नव्हे. आंतड्याच्या अस्तरांतील निरोगी पेशीही फार जलद विभागतात. कर्करोगांत थांबण्याची आज्ञा मानली जात नाहीं, हें मुख्य. पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनीं मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि शरीराबाहेर पेशी वाढवून त्यांच्या वागण्याचा अभ्यास चालविला. एका मराठी स्त्रीनें ज्या विषयांत हयात घालविली, त्याचा गाभा सांगणारें क्रियापद आमच्या पाठांत गैरहजर असावें, हें आम्हांस खटकतें.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, लोकांच्या तोंडचे शब्द ढिले असतात. शास्त्रास नेमकी परिभाषा पाहिजे. परिभाषा पाहिजे हें आम्हांस मान्य आहे. पण परिभाषा ही वर्णनाच्या शेवटीं यावी, वर्णनाच्या जागीं येऊं नये. ‘जून’ म्हणजे काय हें ठाऊक असलेल्या मुलास ‘स्थायी ऊती’ हें नांव देणें सोपें आहे. उलट मार्गानें गेलें तर दोन्ही हातचे जातात. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं रानांतले शब्द मराठी गद्यांत आणले, तेव्हां तें गद्य कमी नेमकें झालें नाहीं, अधिक झालें. याच जिल्ह्यांत राहणाऱ्या डॉ. राणी बंग यांनीं ‘गोईण’ या पुस्तकांत झाडांविषयींचें ज्ञान स्थानिक स्त्रियांच्या अनुभवांतून घेतलें आहे. हीं पुस्तकें पेशींविषयीं नाहींत. पण लोकांच्या शब्दांत ज्ञान राहूं शकतें, ही गोष्ट त्यांनीं सिद्ध केली आहे, आणि पाठ्यपुस्तक लिहिणारांस तेवढा आधार पुरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बांबू धानोऱ्यास आहे; सोलापूरच्या वा मुंबईच्या मुलानें काय करावें? कांदा सर्वत्र मिळतो, म्हणून तो घेतला. यावर आमचें उत्तर असें कीं, कांदा अवश्य ठेवावा. गुणसूत्रें पाहावयास त्याचें मूळ उत्तम आहे. परंतु त्याच्या टोंकाचा रंगविलेला काप पहिलें क्रियापद तेवढें दाखवितो. उरलेलीं दोन दाखविण्यास प्रत्येक प्रांतानें आपापलें उदाहरण शोधावें: ऊंसाचें पेर, ज्वारीचें ताट, नारळाचा कोंब. यांपैकीं ऊंस व ज्वारी हीं बांबूच्याच गवतकुळांतलीं आहेत. म्हणजे धानोऱ्याचा धडा सोलापुरास परका नाहीं. तेथील शेतांत तो दरसाल उभा असतो. शिवाय एक अन्याय नित्याचा झाला आहे, तोही बोलून दाखविला पाहिजे. पुण्यामुंबईचें उदाहरण सर्व महाराष्ट्रास चालतें आणि गडचिरोलीचें उदाहरण मात्र स्थानिक ठरतें. मुंबईच्या मुलानें धानोऱ्याच्या बांबूवरून वाढीचा नियम शिकला तर त्याचें कांहीं नुकसान होणार नाहीं. उलट आपल्या राज्याच्या पूर्वेस कोणतें रान आहे आणि तेथील लोक काय जाणतात, हें त्यास वेळीं कळेल.

तेव्हां पाठ लिहिणारांस आमची विनंति मोठी नाहीं. चार अवस्थांचीं नांवें राहूं द्यावीं. त्यांच्या अलीकडे त्या तेवीस तासांचें काम दहा ओळींत सांगावें. मग कोंब घ्यावा. त्याच्या पेशी कोठें विभागतात, पाणी पिऊन कशा लांब होतात, आणि केव्हां जून होऊन थांबतात, हें ओळीनें, साध्या क्रियापदांनीं लिहावें. शेवटीं सागाचें वलय आणि बांबूची पोकळी शेजारीं शेजारीं काढून, एकास झाड व दुसऱ्यास गवत कां म्हणतात, हें मुलासच विचारावें. एवढें एक पान मराठींत नीट उतरलें तर धानोऱ्याच्या शाळेंतील मूल तें वाचून मान वर करील आणि म्हणेल कीं हें आम्हांस ठाऊक आहे. आणि त्याच्या गुरुजींस पुढचा पाठ शिकविणें सोपें जाईल.